'बिन', 'कोम', 'शिकमी' म्हणजे काय? पेटीतल्या जुन्या कागदातले शब्द चुकले, तर हक्कही चुकतो!

छत्रपती संभाजीनगर : घरात वाटणीचा विषय निघाला किंवा जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागला, की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. पेटीत आजोबा-पणजोबांचे कागद असतात. काही मोडीत, काही उर्दूत, तर काही आपल्या साध्या बाळबोध लिपीत. मोडी आणि उर्दू कागद जाणकाराकडे न्यावे लागतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण बाळबोध कागद तरी आपल्याला कळतो का? अक्षर लागते, अर्थ लागत नाही. 'रामजी बिन तुकाराम' असे लिहिलेले असते आणि तुकाराम हा रामजीचा भाऊ, भागीदार की बाप, यावर घरातच वाद सुरू होतो.

शब्द वापरातून गेले, कागद मात्र राहिले. मराठवाड्यात जमिनीचे, वारसाचे आणि जातीच्या नोंदीचे कितीतरी प्रश्न आजही याच कागदांवर सुटतात किंवा अडतात. म्हणून हे विसरलेले शब्द आणि त्यांचे खरे अर्थ समजून घेऊ.

शब्दाचा अर्थ हरवतो म्हणजे काय होते?

हे फक्त मराठीत घडते असे नाही. इंग्रजीत 'नाइस' म्हणजे आज छान. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'अजाण' असा होता आणि इंग्रजीतही सुरुवातीला तो मूर्ख माणसासाठी वापरत. 'गर्ल' हा शब्द एकेकाळी मुलगा असो वा मुलगी, कोणत्याही लहान मुलासाठी चालायचा. 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न. मांस हा अर्थ नंतर पक्का झाला. जुने इंग्रजी पुस्तक आजच्या अर्थाने वाचले, तर वाचणारा फसतो.

म्हणूनच ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात एकदा आलेला शब्द काढून टाकत नाहीत. वापरातून गेलेल्या शब्दापुढे खंजिराची खूण करतात आणि तो तसाच ठेवतात. कधीतरी कोणाला जुना कागद वाचायला तो लागेल, हा त्यामागचा विचार.

मराठीतही अशी उदाहरणे पावलोपावली आहेत. 'तालीम' म्हणजे मूळ अरबीत शिक्षण. आपल्याकडे ती कुस्तीच्या आखाड्यात गेली. 'दफ्तर' म्हणजे सरकारी कागदपत्रे किंवा कचेरी; आपल्याकडे ते 'दप्तर' होऊन पोरांच्या पाठीवर आले. 'शिकस्त' म्हणजे फारसीत मोडणे, पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो. याच 'शिकस्त'वरून 'शिकस्ता' हे एका लिपीवळणाचे नाव पडले. भराभर, अक्षरे मोडून लिहिलेले हे वळण जुन्या फारसी-उर्दू कागदांत दिसते. छापील उर्दू सहज वाचणाराही त्यापुढे अडखळतो, तो यामुळेच.

बोलताना अर्थ बदलला तर काही बिघडत नाही. कागदावर मात्र शब्द लिहिला त्या दिवशीचाच अर्थ धरावा लागतो.

मराठवाड्यात हा प्रश्न जास्त का?

कारण इथल्या कागदांनी कमी काळात अनेक राज्ये आणि भाषा पाहिल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आधी फारसी ही सरकारी भाषा होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मराठी आणि मोडी लिपी चालत होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली आणि नव्या कायद्याबरोबर नवे शब्द रुळले.

म्हणजे एकाच शेताच्या फाइलमध्ये पणजोबांचा कागद उर्दूत, आजोबांचा मोडीत आणि वडिलांचा सातबारा मराठीत, असे सहज घडते. पुण्या-साताऱ्याकडच्या कागदातले शब्द आणि इथले शब्दही पूर्णपणे एक नाहीत. तिकडच्या शब्दांची यादी पाहून इथला कागद वाचला, तर चूक होऊ शकते.

शब्द जपण्याची परंपरा या शहराला नवी नाही. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मुख्य कार्यालय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९३८ पर्यंत तेव्हाच्या औरंगाबादेत होते. मौलवी अब्दुल हक यांनी संपादित केलेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये याच संस्थेच्या इथल्या छापखान्यातून निघाला. इंग्रजी शब्दांना उर्दूत काय म्हणायचे, हे तेव्हा या शहरात बसून ठरत होते. आज त्याच शहरात तेव्हाचे शब्द समजून घ्यायला माणसे शोधावी लागतात.

'बिन' आणि 'कोम' : नात्याचे दोन शब्द

आता पेटीतल्या कागदाकडे येऊ. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो नावांच्या मधल्या छोट्या शब्दांनी.

'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. 'रामजी बिन तुकाराम' म्हणजे तुकारामचा मुलगा रामजी. हिंदीतल्या 'बिना'शी, म्हणजे 'शिवाय'शी, त्याचा संबंध नाही. 'वल्द' या शब्दाचाही अर्थ हाच.

'कोम' हा शब्द मराठी कागदात विवाहितेच्या नावानंतर येतो आणि पुढे नवऱ्याचे नाव असते. 'सखुबाई कोम महादू' म्हणजे महादूची पत्नी सखुबाई. मराठवाड्यातल्या कागदांत त्याच जागी 'जौजे' हा शब्दही दिसतो.

खरी मेख पुढे आहे. उर्दू कागदात 'कौम' असा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ जात किंवा समाज असा असतो. उर्दू नोंद बाळबोधीत उतरवताना 'कौम'चे 'कोम' झाले, तर वाचणारा जातीच्या जागी नवऱ्याचे नाव शोधत बसेल. उलट चूकही तितकीच सोपी आहे : नवऱ्याचे नाव जात म्हणून वाचले जाऊ शकते. एका मात्रेचा फरक, पण त्यावर दाखल्याचा पुरावा उभा राहतो किंवा पडतो.

'शिकमीदार' आणि 'आसामी शिकमी' : एका शब्दाने मालकी बदलते

फारसीत 'शिकम' म्हणजे पोट. त्यावरून 'शिकमी'. मराठीत आपण पोटहिस्सा, पोटकूळ, पोटखराबा म्हणतो, तीच कल्पना. मोठ्या खात्याच्या पोटातला तो शिकमी.

हैदराबादच्या जमीन महसूल कायद्यात, म्हणजे १३१७ फसलीच्या कायद्यात, तीन माणसे वेगवेगळी सांगितली होती. सरकारला सारा भरण्याची थेट जबाबदारी ज्याची, तो पट्टेदार. पट्टेदाराबरोबर ज्याचा जमिनीत हक्क किंवा हिस्सा आहे, तो शिकमीदार. आणि पट्टेदाराकडून किंवा शिकमीदाराकडून जमीन कसायला घेऊन मोबदला देणारा, तो आसामी शिकमी, म्हणजे कूळ.

फरक लक्षात घ्या. शिकमीदार हा हिस्सेदार, तर आसामी शिकमी हा कूळ. नक्कल करताना 'आसामी' हा शब्द गळला किंवा दोन्हीचे भाषांतर सरसकट 'पोटकूळ' असे केले, तर हिस्सेदार कागदावर कूळ होतो किंवा कूळ हिस्सेदार होतो. भाऊबंदकीच्या दाव्यात तेवढे पुरेसे आहे.

'आसामी' या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. अरबीत 'इस्म' म्हणजे नाव आणि 'आसामी' हे त्याचेच अनेकवचनी रूप. वहीतले नाव म्हणजे आसामी, म्हणून खातेदार, कूळ, ऋणको. आज मराठीत 'बडी असामी' म्हणजे वजनदार माणूस. पोलिसांच्या बातमीतला 'अनोळखी इसम' हाही त्याच मूळ शब्दाचा.

'अज्ञान' आणि 'ए.कु.मॅ.' : मराठी असूनही न कळणारे

सगळे अवघड शब्द फारसी-अरबी आहेत, असे समजू नका. जुन्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असा शेरा दिसतो. त्याचा विस्तार 'अज्ञान पालक कर्ता'. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, तर अठरा वर्षांखालचा. वारस लहान होता, म्हणून आईचे, चुलत्याचे किंवा मामाचे नाव पालक म्हणून लागले, एवढाच त्याचा अर्थ. नाव पालकाचे असले, तरी त्या शेऱ्यामुळे तो मालक होत नाही.

'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा कर्ता. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव सातबाऱ्यावर असते, पण पुढे हा शेरा असेल, तर ते नाव सगळ्या कुटुंबाच्या वतीने लागलेले असते. नव्या उताऱ्यावर शेरा उतरलाच नाही, तर धाकट्यांचा आणि बहिणींचा हिस्सा दिसेनासा होतो.

'तगाई' म्हणजे शेतकऱ्याला दिलेले सरकारी कर्ज. मूळ अरबी शब्दात 'बळ देणे' हा भाव आहे. कर्ज फिटून दोन पिढ्या झाल्या, तरी कागदावरचा बोजा काही सातबाऱ्यांवर राहिला.

२०२५ मध्ये राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा पहिला हेतू. पुढच्या टप्प्यात अपाक, एकुम, तगाई असे कालबाह्य शेरे कमी करण्याचे काम घेण्यात आले. हे चांगलेच झाले. पण शेरा निघण्याआधी तो आपल्या बाजूचा होता की विरुद्ध, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यायला हवे. त्यासाठी आधी शब्द कळला पाहिजे.

जमिनीचे शब्द : पटकन समजून घ्या

खुश्की : फारसीत 'खुश्क' म्हणजे कोरडे. कागदात खुश्की म्हणजे जिरायत, पावसावरची जमीन. इतिहासाच्या पुस्तकातला 'खुष्कीचा मार्ग' म्हणजे पाण्यावरून न जाणारा रस्ता, तोच हा शब्द.

तरी : पाण्याखालची, मुख्यतः भाताची जमीन. 'तर' म्हणजे ओले.

मिनजुमला : 'एकूण पैकी'. 'गट नंबर अमुक मिनजुमला' म्हणजे पूर्ण गट नव्हे, त्यातला काही भाग. अनेकदा नुसते 'मिन' लिहितात. हा शब्द सुटला, तर काही एकरांचा व्यवहार पूर्ण गटाचा वाटू शकतो.

खारीज खाता : खातेदाराच्या खात्यातून निघून सरकारकडे गेलेली जमीन. 'अर्ज खारीज' मधला तोच खारीज, म्हणजे बाहेर काढलेला.

परमपोक : साऱ्यातून बाहेर ठेवलेली, सार्वजनिक वापराची जमीन. हा शब्द मूळ तमिळ. दक्षिणेकडून हैदराबादमार्गे मराठवाड्याच्या कागदांत आला.

मदतमाश : 'मदद-ए-माश', म्हणजे निर्वाहासाठी मदत म्हणून दिलेली इनाम जमीन.

खिदमतमाश : 'खिदमत' म्हणजे सेवा. देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेच्या बदल्यात कसायला दिलेली जमीन.

शेवटच्या दोन शब्दांत अर्धा शब्द सारखा आहे, पण फरक मोठा आहे. एक जमीन माणसाच्या पोटापाण्यासाठी दिलेली, दुसरी सेवेशी बांधलेली. या जमिनी भोगवटादार वर्ग दोनमधून वर्ग एकमध्ये आणण्याबाबत राज्य सरकारने अलीकडे निर्णय घेतले, त्यातही दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत. अशी जमीन किंवा त्यावरचा प्लॉट घेणाऱ्याने तर हे शब्द आधी तपासले पाहिजेत.

मुन्तखब : शब्दशः 'निवडलेले'. इनामाची चौकशी होऊन ते कोणाच्या नावे, कशासाठी मंजूर झाले, हे सांगणारा अधिकृत उतारा.

अतियात : 'अतिया' म्हणजे देणगी, त्याचे हे अनेकवचन. इनामे आणि त्यांच्या वारसांच्या चौकशीसाठी १९५२ मध्ये हैदराबाद अतियात चौकशी कायदा झाला.

१३५८ म्हणजे नेमके कोणते साल?

शब्दांइतकेच फसवे असतात ते आकडे. समजा कागदावर १३५८ लिहिले आहे. हे फसली साल असेल, तर ते १९४८-४९. हिजरी असेल, तर ते फेब्रुवारी १९३९ मध्ये सुरू झालेले वर्ष. शक असेल तर थेट १४३६! नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. त्याच्या जवळचा शब्द पाहावा लागतो.

'फसल' म्हणजे पीक. पिकांच्या हंगामाप्रमाणे चालणारे ते फसली साल. हैदराबाद संस्थानात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आझूर महिन्यापासून सुरू होई. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. नोंद जानेवारीतली किंवा त्यानंतरच्या महिन्यातली असेल, तर ५९१ मिळवायचे. वर सांगितलेला १३१७ फसलीचा कायदा म्हणजे १९०७-०८ चा.

हिशेब दहा वर्षांनी चुकला, तर कागद पोलीस कारवाईच्या आधीचा की नंतरचा, जहागिरी १९४९ मध्ये रद्द होण्यापूर्वीचा की नंतरचा, हे सगळेच उलटेपालटे होते.

हे कागद आज वाचणार कोण?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सगळ्यांनाच पडला. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरसंदर्भात शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या प्रश्नावर मते वेगवेगळी आहेत आणि राहतील. पण या निमित्ताने एक गोष्ट प्रत्येक बाजूला कळली : नोंद सापडणे वेगळे आणि ती बरोबर वाचली जाणे वेगळे.

१९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला आणि उर्दू शाळेत शिकलेला मुलगा आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. लिपी शिकवता येते, मोडीचे वर्ग निघतात, उर्दू वाचणारे तरुणही शहरात आहेत. पण 'शिकमी' आणि 'आसामी शिकमी' यांतला फरक लिपी शिकून कळत नाही. तो त्या काळची कचेरी पाहिलेल्या माणसाला किंवा त्या विषयाचा अभ्यास केलेल्यालाच कळतो. कागद स्कॅन करून संगणकावर चढवले जात आहेत, ते गरजेचेच आहे. मात्र स्कॅनमध्ये कागदाचा फोटो येतो, अर्थ येत नाही.

तुमच्या पेटीत असा कागद असेल, तर काय कराल?

१. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवा. उजेडात मोबाइलवर पूर्ण पानाचे, मागच्या बाजूचे आणि शिक्क्यांचे वेगळे फोटो काढून ठेवा.

२. जाणकाराला दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा : जसाच्या तसा बाळबोधीत उतारा आणि आजच्या मराठीत अर्थ. नुसता अर्थ घेतला, तर मूळ शब्द काय होता, हे नंतर तपासता येत नाही.

३. साल कोणते, ते त्याच्याकडून लिहून घ्या : फसली, हिजरी, शक की इसवी.

४. महत्त्वाचा कागद असेल, तर दुसऱ्या जाणकारालाही दाखवा. दोघांच्या वाचनात फरक पडला, तर तो शब्द वादाचा आहे, असे समजा.

५. एकट्या कागदावर भिस्त ठेवू नका. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून पुढच्या नोंदींच्या नकला काढा. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक अनेकदा निजामकाळ आणि आजचा सातबारा यांच्यातला दुवा ठरते.

६. शब्द स्वतः पाहायचा असेल, तर साधने मोबाइलवरही आहेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. कवी माधव ज्युलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोशही उपयोगी पडतो.

७. कोशातला अर्थ हा कायद्याचा निकाल नव्हे. दावा करण्याआधी किंवा जमीन घेण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. घरात, भावकीत, गल्लीत जुन्या काळी पटवाऱ्याचे, गिरदावराचे किंवा कारकुनाचे काम केलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्यांच्यापाशी तासभर बसा. कागद समोर ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकेका शब्दावर बोट ठेवून विचारा, "आजोबा, याला तुम्ही काय म्हणायचात?" पेटीतला कागद अजून काही वर्षे टिकेल. सांगणारे तेवढे दिवस थांबतीलच असे नाही.